मुलगी परवा

आमच्या बोटीवरच्या गाईडला सगळे झाडोबा म्हणतात. हे नाव मी ठेवलं, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणी घेऊ नये. मी त्या बोटीच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं आहे आणि ते माझ्याही आधीपासून. बोट निसर्ग-सफरीची. बारा खोल्या, अठरा प्रवासी, आठ आम्ही. दहा-बारा दिवसांची फेरी. कुठे खाडी, कुठे बेट, कुठे पक्षी, कुठे जंगल दाखवायचं आणि माणसं जशी नेली तशी परत आणून सोडायची. दाखवायचं काम झाडोबांचं, जेवू घालायचं माझं. लोकांना दोन्हींतलं काय जास्त आठवतं ते मी सांगत नाही, पण अभिप्रायाच्या वहीत माझ्या सूपचा उल्लेख सहा वेळा आलेला आहे.

झाडोबांना हजारेक झाडं नुसत्या पानावरून ओळखता येतात. वाळलेलं पान द्या, अर्धं कुरतडलेलं द्या, चुरगळून द्या, नुसता वास घेऊन सांगतील. वार मात्र सांगता येत नाही. कुणी वार विचारला की ते आधी आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे. वेळेशी त्यांचं कधी जमलंच नाही, आणि त्याला कारण एक शब्द. परवा. गच्चीवरचा पंप कधी बघणार? परवा. दाढी कधी करणार? परवा. घरी कधी जाणार? परवा. आपल्या भाषेने या शब्दात चुकार माणसाची मोठीच सोय करून ठेवली आहे. गेलेला परवाही तोच आणि येणाराही तोच. "पंप बघितला का हो?" असं विचारलं की ते म्हणायचे, "परवा." आता बघितला की बघणार, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. कप्तान तर एकदा चिडून म्हणाला होता, की या माणसाला मागचा-पुढचा असे दोन वेगळे परवा शिकवा नाहीतर मला दुसरा गाईड द्या.

झाडोबांच्या बायकोला मी दोनदा भेटले होते. हसरी बाई, आवाज मोठा. म्हणाली, "ताई, आमची मुलगी लहानपणी विचारायची, आई, परवा म्हणजे किती दिवस? मी काय सांगू तिला?" आम्ही दोघी खूप हसलो होतो तेव्हा.

चार वर्षांपूर्वी ती बाई आजारी पडली, आणि आजार असा की घरच्यांना काही सुधरायच्या आत सगळं हाताबाहेर गेलं. बोटीवर निरोप आला तेव्हा आम्ही घरापासून एका दिवसाच्या अंतरावर होतो. झाडोबांनी उलट निरोप धाडला, परवा पोचतो. पोचले पाचव्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. मुलीने दार उघडलं, पाणी दिलं, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ती दूर कुठे रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, फोनचा नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. झाडोबा या विषयावर चकार शब्द काढत नसत. पण चार वर्षं दर धक्क्यावर उतरलं की आधी विचारत, "माझ्यासाठी काही निरोप?" नसायचा.

मी सांगतेय तो दिवस बुधवारचा. बागेच्या धक्क्याला आम्ही खरंतर सोमवारीच लागायचो, पण बोटीच्या पंख्यात कुणाच्या तरी जाळ्याचा दोर अडकला आणि तो सोडवण्यात दोन दिवस गेले. हा मुक्काम सगळ्या फेरीत मला आवडतो. धक्का, धक्क्यासमोर बागेचं फाटक, आत दुतर्फा ताडांची रांग, मग ऑर्किडचं काचघर, मग कमळांचं तळं, आणि तळ्यामागच्या छोट्या दारातून थेट जंगल. जंगलही कसलं! आत पाऊल टाकलं की सकाळी दहा वाजता दिवे लावावेसे वाटतात. चार तासांचा फेरा, मधे विसाव्याची झोपडी. तिथे जेवण असतं म्हणून या एका दिवशी मीही सोबत जाते. डबे प्रवाशांनी आपापले पाठीवर घ्यायचे, चहाचे थर्मास माझ्याकडे.

फाटकावर चौकीदार नवा होता. जुना कालपासून रजेवर. हा आज पहाटेच आलेला, त्यामुळे अजून स्वतःची खुर्चीही त्याला नीट सापडली नव्हती. झाडोबांनी सवयीने विचारलं, "माझ्यासाठी काही निरोप?"

"झाडोबा तुम्हीच का? खिळ्याला एक आहे बघा."

त्याने खिळ्याला टोचलेली चिठ्ठी उपटून दिली. झाडोबांनी ती वाचली, परत वाचली, आणि ताडाच्या झाडाला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी चिठ्ठी हातातून ओढून घेतली. जुन्या चौकीदाराचं अक्षर मी ओळखते. हा गृहस्थ शब्दांच्या बाबतीत भयंकर चिक्कू. निरोपात क्रियापद म्हणून घालायचा नाही. एकदा माझ्यासाठी त्याने लिहून ठेवलं होतं, 'ताई. भाजी. नाही.' भाजी आली नाही, की मी पाठवू नये, की त्याला नको आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. या चिठ्ठीत लिहिलं होतं:

'झाडोबा. मुलगी परवा. बागेत.'

"ताई," झाडोबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटला, "परवा म्हणजे कुठला परवा?"

"म्हणजे?"

"येऊन गेली, की येणार आहे?"

 खरंच की! 'मुलगी परवा येऊन गेली' की 'मुलगी परवा येणार'? दोन्ही बसत होतं. मी नव्या चौकीदाराला धारेवर धरलं.

"मला काय विचारता बाई? मी आज आलो."

"जुन्याला फोन लाव."

"त्याच्या गावात फोन लागत असता तर तो रजेवर तिथे गेला असता का?"

अठरा प्रवासी छत्र्या, टोप्या, कॅमेरे घेऊन रांगेत उभे. झाडोबांनी चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली, लगेच काढली, वाचली, परत ठेवली. मग माणसांकडे वळून त्यांनी माहिती सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच ताडाला नेचा म्हणाले.

प्रवाशांना काही कळलं नाही. त्यांना ताड काय आणि नेचा काय. पण त्यांत एक आजी होत्या, बाहत्तर वर्षांच्या, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही. ऐकलेलं सगळं त्या वहीत उतरवून घेत. त्यांनी ताडाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, झाडोबांकडे बघितलं, आणि शब्द लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते मला दिसलं.

काचघरात ऑर्किडसमोर सगळे फोटो काढण्यात गुंतले तेव्हा झाडोबांनी मला कोपऱ्यात गाठलं.

"ताई, आपण इथे सोमवारी येणार होतो. वेळापत्रक छापलेलं असतं. तिने ते बघितलं असणार. म्हणजे ती सोमवारी आली. सोमवार म्हणजे परवा. आपण नव्हतो. गेली."

"मग 'येऊन गेली' असं नसतं लिहिलं?"

"तो कशाला लिहील? तो क्रियापद लिहितो का कधी?"

हे बरोबर होतं. मी म्हटलं, "आणि तिने वेळापत्रक बघितलंच नसेल तर? परवा म्हणजे शुक्रवारी येणार असेल तर?"

"तर शुक्रवारी आपण पक्ष्यांच्या बेटावर." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी उतरून राहू का इथे? शुक्रवारपर्यंत? बाकावर बसून राहीन."

"आणि आलेली सोमवारीच असेल तर? रिकाम्या बाकावर दोन दिवस बसाल, आणि इकडे अठरा माणसांना पक्षी कोण दाखवणार? मला कोंबडी सोडून एक पक्षी ओळखता येत नाही."

ते एका पांढऱ्या ऑर्किडच्या कुंडीतली माती बोटाने उकरत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "की टोमणा आहे, ताई?"

"कसला टोमणा?"

"मी तिला जन्मभर परवा-परवा म्हणत आलो. तिने तेच पाठवलं असेल. बाबांना सांगा, परवा. म्हणजे कधीच नाही."

आता मात्र माझं डोकं पुरतं चक्रावलं. एका शब्दाचे तीन अर्थ, आणि तिन्हींतल्या दोनांत माणसाचं नुकसान. मला त्या चौकीदाराचा इतका राग आला की तो समोर असता तर थर्मास हाणला असता. एक क्रियापद लिहिलं असतं तर याच्या बापाचं काय जात होतं?

तळ्याशी आलो. ताटाएवढी काय, परातीएवढी कमळाची पानं पसरलेली. झाडोबा दरवेळी इथे एक मजा करतात. पान उलटं करून खालचे काटे दाखवतात, मग पोराटोरांना विचारतात, हे काटे कशाला? आज पान उलटलं आणि तसंच हातात धरून उभे राहिले. पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. शेवटी दुर्बीणवाल्या आजीच म्हणाल्या, "काट्यांचं काही सांगणार होतात का?"

"हो," झाडोबा म्हणाले. "काटे आहेत."

जंगलात शिरल्यावर तर आनंदच. एरवी हा माणूस जंगलात घरच्यासारखा वावरतो. भिंतीसारखी उभी राहिलेली मुळं, माणसाच्या मांडीएवढ्या वेली, दगडावरचं शेवाळ, कुठे कोण ओरडलं, कुणाची विष्ठा, सगळं सांगत, थांबत, वास घेत चालतो. आज मान खाली. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, तेही चुकीचं. आजींनी त्यांना एकदा पकडलंच. "मघाशी याच वेलीला तुम्ही वेगळं नाव सांगितलंत." झाडोबा म्हणाले, "दोन्ही चालतात." मागून मी त्यांच्याकडे बघितलं तर हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होते. एकदा अंगठ्याकडून, एकदा करंगळीकडून. मोजून झालं की मान हलवायची आणि परत पहिल्यापासून.

वडाच्या जातीचं एक झाड आहे तिथे. ते दुसऱ्या झाडाला मिठी मारत मारत गिळून टाकतं, आणि आतलं झाड कुजून गेलं की मधे नुसती पोकळी उरते. आत उभं राहून वर बघितलं की आभाळ दिसतं. सगळे आत जाऊन आले, वा वा झालं, पुढे निघालो. अर्धा तास चाललो. चिखल, उतार, चढ, एकाच्या पायाला जळू, आरडाओरडा, मग आणखी चिखल. आणि समोर तेच झाड.

"हे आपण बघितलं ना?" कुणीतरी विचारलं.

"नाही," झाडोबा म्हणाले. "हे दुसरं."

"माझी छत्री आहे त्याला टेकवलेली," आजी म्हणाल्या. "मी मघाशी विसरले ती."

असे एका माणसाच्या परवापायी एकोणीस माणसं जंगलात गोल फिरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण बोलणार कुणाला? त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

झोपडीत पोचायला दीड वाजला. ब्रेड, उकडलेली अंडी, केळी वाटून झाली. झाडोबा पायरीवर बसले, अंडं सोललं आणि साल खाल्ली. अंडं हातातच. ते बघून आजी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "काय झालंय ते सांगून टाका. सकाळपासून माझी वही नासवली तुम्ही."

आणि झाडोबांनी सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. चार वर्षं आम्हाला जे पुरतं सांगितलं नव्हतं ते परक्या बाईला चार वाक्यांत सांगितलं, आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

आजींनी ती वाचली. म्हणाल्या, "ही लिहिली कधी?"

"म्हणजे?"

"अहो, परवा कुठला ते तुम्ही आजपासून मोजताय. पण ही चिठ्ठी आज थोडीच लिहिलीय? लिहिणाऱ्याने त्याच्या दिवसापासून मोजलं असेल ना?"

 आजींनी चिठ्ठी उलटी केली. मागे मोठा लाल आकडा होता आणि खाली छापलं होतं, रविवार. रोज पान फाडायच्या कॅलेंडरचं पान! जाड कागद, सकाळपासून आम्ही ते पन्नास वेळा वाचलं होतं, आणि पन्नासही वेळा एकाच बाजूने.

"रविवार!" मी ओरडले. "रविवारचा परवा मंगळवार. म्हणजे ती काल येऊन गेली! घ्या, चौथाच अर्थ निघाला!"

"थांबा हो बाई," आजी म्हणाल्या. "रविवारचं पान फाडतात कधी? सोमवारी सकाळी. रविवार संपल्याशिवाय कसं फाडतील?"

"तो पानं साठवून ठेवतो का?" मी झाडोबांना विचारलं.

"नाही. सकाळी फाडतो, दिवसभर त्यावरच लिहितो, संध्याकाळी उरलेल्याची विडी पेटवतो."

"म्हणजे लिहिलं सोमवारी," आजींनी बोट वर केलं. "सोमवारचा परवा?"

झाडोबांनी करंगळी धरली. सोमवार. अनामिका, मंगळवार. मधलं बोट धरलं आणि ते सोडेनात. 

"आज," मी म्हटलं. "अहो झाडोबा, आज! ती आत्ता बागेत असेल!"

ते ताडकन उठले. अंडं पायरीवरून गडगडत गेलं. दोन पावलं टाकली आणि थांबले. अठरा माणसांकडे बघितलं. गाईडने माणसं जंगलात सोडून जायची नाहीत, हा आमच्या बोटीवरचा पहिला नियम, आणि तो त्यांनीच लिहिलेला.

"ताई, ही माणसं?"

"ही माणसं मी आणते. वाटेवर बाणांच्या पाट्या आहेत, मला बाण वाचता येतो. चारला भरती आहे, कप्तान थांबायचा नाही. जा तुम्ही."

"नियम..."

"झाडोबा, आता जर तुम्ही परवा म्हणालात तर हा थर्मास मी तुमच्या डोक्यात घालीन."

ते गेले. पळाले म्हणणं बरोबर नाही, त्या वयात आणि त्या चिखलात पळता येत नाही, पण पाय आपटत, वेली बाजूला सारत ते जे गेले ते दिसेनासे झाले.

मग मी गाईड झाले. लोक विचारत, "हे कोणतं झाड?" मी सांगे, "जुनं." "हा कोणता पक्षी?" "लाजरा." आजी वहीत काहीही लिहीत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या. बाण बघत बघत आम्ही तीन वाजायच्या आत बागेच्या मागच्या दारातून सुखरूप बाहेर आलो.

तळ्याकाठच्या बाकावर एक बाई बसली होती. तिशीतली, झाडोबांसारखीच उंच, वाळकी, पायाशी पिशवी. मला ओळखायला क्षणही लागला नाही. प्रवासी काचघराकडे पांगले, आणि मी तिच्याकडे गेले.

"तुम्ही स्वयंपाकाच्या ताई ना?" तिनेच विचारलं. "आई सांगायची तुमचं." मग माझ्या मागे बघत म्हणाली, "ते कुठे आहेत?"

"म्हणजे काय? भेटले नाहीत? तासाभरापूर्वीच निघालेत तुझ्याकडे यायला!"

तिने घड्याळ बघितलं. "मी साडेदहापासून इथे आहे. सोमवारीही आले होते. चौकीदार म्हणाले बोट दोन दिवस उशिरा आहे, म्हणून निरोप ठेवला, मी परवा परत येते." ती जराशी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "त्यांना वाट सापडत नाहीये का? बागेत यायची?"

मी काय सांगणार? ज्या माणसाला डोळे मिटून जंगल पार करता येतं तो जवळची वाट म्हणून भलत्याच ओढ्यात उतरला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की सव्वातीन झाले आहेत, आणि धक्क्यावर कप्तानाने इंजिन गरम करायला घेतलं आहे. मी बाकाच्या टोकाला बसले, उठले, परत बसले. ती मुलगी शांत होती. तिच्या त्या शांतपणाची मला भीतीच वाटत होती.

साडेतीनला ते आले. मागच्या दाराने नाही, कुंपणाच्या फटीतून. गुडघ्यापर्यंत चिखल, सदऱ्याची एक बाही फाटलेली, आणि दोन्ही पोटऱ्यांवर जळवाच जळवा. मुलीसमोर येऊन उभे राहिले. 

"आलीस," ते म्हणाले.

"बसा खाली," मुलगी म्हणाली. "पाय बघा काय झालेत. मीठ आहे का हो ताई?"

अंड्यांसाठी नेलेली मिठाची डबी माझ्याकडे होती. ते बाकावर बसले, ती समोर जमिनीवर बसली, आणि एकेका जळूवर मीठ टाकून ती सोडवायला लागली. रक्ताची तिला सवयच.  चार-पाच निघाल्यावर तिने मान वर न करता विचारलं,

"बाबा, तेव्हा लाँच होती का?"

"कुठली लाँच?"

"तुम्हाला माहीत आहे कुठली."

मी खरंतर तिथून उठायला हवं होतं. पण मिठाची डबी मी धरली होती आणि ती त्यातून चिमूट चिमूट घेत होती.

झाडोबांनी तळ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "होती. निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी सातला."

"चुकली?"

"नाही. मी धक्क्यावरच होतो. पिशवी हातात होती." त्यांनी फाटक्या बाहीचं टोक बोटाला गुंडाळलं. "चढलो नाही."

 त्या दिवशी पहाटे पाचला उठून त्यांच्यासाठी वाटेतला डबा मी भरला होता. ते परत बोटीवर आले आणि म्हणाले, लाँच माझ्या डोळ्यांदेखत सुटली. त्या लाँचवाल्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते!

"भीती वाटली मला," झाडोबा म्हणाले. "तुझी आई अशी पडलेली... मला बघवणार नाही असं वाटलं. म्हटलं, मोठी बोट आहे दोन दिवसांनी, तोवर बरी होईल. मी स्वतःला सांगितलं, बरी होईल. दुसरं काही नाही. मी घाबरलो."

मुलीने आणखी एक जळू काढली आणि बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लाँच आली तेव्हा मी आपल्या गावच्या धक्क्यावर उभी होते. लाँचवाला म्हणाला, तुझे वडील आले होते, उभे राहिले, चढले नाहीत. मी घरी गेले. आईने विचारलं, आले का? मी म्हटलं, समुद्र खवळलाय, सगळ्या लाँच बंद आहेत." आता तिचा आवाज चिरकला. "बाहेर लख्ख ऊन होतं, बाबा. ती खिडकीतून बघायची आणि म्हणायची, वारा तर दिसत नाही गं. मी म्हणायचे, इथे नाही, तिकडे आत आहे. दोन दिवस मी तिला तेच सांगितलं. तिला खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आणि ती तेच ऐकत गेली. चार वर्षं मी एकटीच ते घेऊन हिंडतेय. तुमच्याशी बोलले असते तर ते तोंडातून बाहेर पडलं असतं. आता मला नाही पेलवत."

झाडोबांनी तोंडावर हात घेतले. चिखलाचेच हात. मी त्या माणसाला अकरा वर्षांत रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते रडणं मी इथे सांगणार नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ते तुझं नव्हतं गं. माझं होतं. मी ते तुझ्यावर टाकून दिलं, आणि मला पत्तासुद्धा नव्हता."

धक्क्यावरून भोंगा वाजला. काचघरातून लोक बाहेर यायला लागले. दुर्बीणवाल्या आजींनी लांबूनच आम्हाला बघितलं आणि हाताने खूण करून सगळ्यांना फाटकाकडे वळवलं. भोंगा परत वाजला.

"बाबा, तुमची बोट," मुलगी म्हणाली. तिने हात पुसले आणि उठायला लागली.

"बस तू," झाडोबा म्हणाले. "आणखी काय काय म्हणाली ती? पहिल्या दिवसापासून सांग. मला सगळं सांग."

ती उभीच राहिली थोडा वेळ. मग बाकावर त्यांच्या शेजारी बसली, आणि सांगायला लागली. पहिलं वाक्य मला ऐकू आलं. "आधी तिला नुसता थकवा होता, तिने मला कुणाला कळवूच दिलं नाही." पुढचं माझ्यासाठी नव्हतं. मी मिठाची डबी बाकावर ठेवली, फाटकाशी जाऊन अठरा माणसं मोजली, ती बोटीवर चढवली, आणि कप्तान डोळे वटारून काही विचारायच्या आत त्याला सांगितलं, "दोर सोडा. गाईड येत नाहीत."